पर्यावरण अभियांत्रिकीनंतर पाण्याच्या गुणवत्तेवर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमुना घेण्यापासून. प्रबंधाचा विषय, मार्गदर्शक, पीएचडी हे सगळं ओघाने येतंच; पण नमुना चुकला तर पुढचं महागडं यंत्रही चुकीचंच उत्तर देतं. धातू तपासायचे असतील तर बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. तेच आम्ल बीओडीच्या (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) बाटलीत गेलं तर जिवाणू मरतात आणि चाचणी वाया जाते, कारण २० अंश सेल्सिअसला ५ दिवस त्या जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला, हेच तर त्यात मोजायचं असतं.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत एकदा तरी स्वतःच्या हाताने कराच. बाटली काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. साका तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. तो पांढरा साका पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. त्या पाण्यात मासा जगणं शक्य नव्हतं.

सोबत संख्याशास्त्र आणि थोडं सूक्ष्मजीवशास्त्र शिका. अभियंते नेमके तिथेच कच्चे राहतात. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी एकच नदी किंवा तलाव निवडा आणि वर्षभर, सगळ्या ऋतूंत, तिथलेच नमुने घ्या.