वाचक विचारतात: जुन्या गाडीची पुनर्नोंदणी

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला मार्चमध्ये १५ वर्षं होतात. आरटीओच्या तपासणीआधी काय पाहावं?

उत्तर : मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरा. जुन्या गाडीचं घोडं अनेकदा चासी नंबरवर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकावर अडतं. गंजामुळे ठसा उमटत नाही. तिथं तारेचा ब्रश अजिबात मारू नका, अंक झिजतात. डिझेलच्या फडक्यानं हळूहळू पुसा आणि कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेऊन बघा. पीयूसीला गाडी १५-२० मिनिटं चालवून, गरम इंजिनानंच न्या. थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) कार्बन मोनॉक्साइड नीट जाळत नाही. एअर फिल्टर तुंबला असेल तर आधी बदला. टायरची नक्षी किमान १.६ मिमी हवी. हँडब्रेक, हॉर्न, वायपर, सगळे दिवे तपासाच.