झपाटलेलं बेट? खांदेरी, वेताळ आणि वेतोबा

अलिबागजवळच्या खांदेरी बेटाविषयी वाचताना एका वाचकाला ‘वेताळाचं झपाटलेलं बेट’ असे शब्द दिसले. त्यावरून त्यांनी विचारलं आहे: बेट झपाटलेलं असू शकतं का? वेताळ हे भूत, मग खांदेरीवर त्याचं देऊळ कसं? कोळी त्यालाच वेतोबा म्हणतात, तर हे दोघे एकच की वेगळे? आणि शेवटी एक पुरवणी प्रश्न, ‘बेताल’ हा शब्द या वेताळावरूनच आला का?

आधी ‘झपाटणं’ घेऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. झपाटा म्हणजे जोरात आलेला तडाखा. वाऱ्याचा झपाटा, कामाचा झपाटा, ‘झपाट्यानं पुढे गेला’ हे आपण रोज बोलतो. त्यातूनच झपाटणं आलं: एकदम झडप घालून ताब्यात घेणं. ते माणसाच्या बाबतीत घडतं. तिन्हीसांजेला पिंपळाखालून आलेली मुलगी झपाटते, एखादा संशोधक कामानं झपाटतो. गाव, विहीर, वाडा किंवा बेट यांना कोणी झपाटत नाही, कारण ते जागचे हलत नाहीत आणि भूतही तिथून हलत नाही. जागेसाठी मराठीत निराळी बोली आहे. ‘ती जागा बरी नाही’, ‘तिथं आहे’, ‘जागा बाधते’, ‘तिथं चकवा लागतो’. या ‘तिथं आहे’मध्ये कर्ताच नसतो, आणि ऐकणाऱ्याला तो कोण हे विचारावंही लागत नाही. घरात भांडी आपोआप पडू लागली की ती भुताटकी. कोकणात जागेचा मालक असलेल्या अदृश्य पुरुषाला जागेवाला म्हणतात, सिंधुदुर्गाकडे राखणदार, गोव्यात आणि त्याच्या सीमेवर देवचार. यातला एकही शब्द ‘झपाटलेलं’ला जवळचा नाही. जागेवाल्याला मान द्यायचा असतो, घालवायचा नसतो.

आता खांदेरीला हे शब्द लावून पाहायचे, तर बेट डोळ्यांसमोर हवं. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबाग तालुक्यातल्या थळच्या समोर समुद्रात दोन बेटं आहेत. किनाऱ्याच्या जवळची उंदेरी, तिच्यापलीकडे खोल पाण्यात खांदेरी. बोलताना दोघींची नावं जोडीनंच येतात, आणि जुन्या इंग्रजी कागदांतही ती ‘हेनरी-केनरी’ अशी जोडीनंच सापडतात. त्यातली केनरी म्हणजे आपली खांदेरी. मुंबईत शिरणारं प्रत्येक गलबत या बेटावरून दिसतं, म्हणून तर शिवाजी महाराजांना ते हवं होतं आणि इंग्रज व सिद्दी या दोघांनाही ते त्यांच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं.

१६७९च्या ऑगस्टअखेरीस, समुद्र अजून खवळलेला असताना, महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी थोडी माणसं आणि मोजक्या तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. इंग्रजांनी बेट वेढण्यासाठी जहाजं पाठवली. पण थळच्या बाजूनं रात्री निघालेल्या लहान होड्या त्यांच्या मोठ्या जहाजांना चुकवून दाणागोटा आणि दगडचुना पोचवत राहिल्या. खडपं म्हणजे पाण्यातले खडक कुठे, पाणी किती, ओहोटीला कुठून वाट मिळते हे त्या होडीवाल्यांना पाठ होतं. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमारानं नागावकडून येऊन इंग्रजांना गाठलं. त्या लढाईत ‘डोव्हर’ हे इंग्रजांचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, ‘रिव्हेंज’ मात्र टिकून लढलं. खांदेरी हटत नाही असं दिसल्यावर सिद्दीनं १६८०च्या सुरुवातीला शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. त्याच वर्षी संभाजीराजांची माणसं उंदेरीवर उतरली आणि मारली गेली. सिद्दीच्या लोकांनी त्यांतल्या ऐंशी जणांची मुंडकी टोपल्यांत भरून माझगावला आणली आणि किनाऱ्यावर खांब रोवून त्यांवर ती लावायचा त्यांचा बेत होता, तो इंग्रजांनी होऊ दिला नाही, अशी नोंद आहे. पुढे आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरीवर चालून गेला आणि हात हलवत परतला. १८६७ साली दीपगृह उभं राहिलं. १९९८ पासून बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे.

भुतांच्या गोष्टींना लागतं ते सगळं इथं आहे: रक्त, एकांत, रात्रीचा समुद्र, रिकामा तट. शिवाय बेटावर एक दगड असा आहे की त्यावर लहान दगड आपटला तर धातूचं भांडं वाजावं तसा खणखणीत आवाज येतो. तोफाही आहेत, त्यांतल्या काही आजही चाकांच्या गाड्यांवर बसलेल्या. एवढं साहित्य हाताशी असताना कोणी परका लेखक आला की ‘झपाटलेलं’ हा शब्द आयताच त्याच्या लेखणीत येतो. पण थळच्या कोळ्याच्या तोंडी तो येत नाही. धक्क्यावर उतरल्यावर तो पहिल्यांदा वेतोबाच्या देवळाकडे वळतो. आत घडवलेली मूर्ती नाही, मोठी शिळा आहे. ती शिळा वर्षागणिक वाढते असं मानतात. तिला नारळ द्यायचा, नवस बोलायचा, फेडायचा. म्हणजे या बेटावर कोणी तरी आहे, हे त्या लेखकालाही मान्य आहे आणि कोळ्यालाही. तो कोण, याबद्दलच मतभेद आहे.

तेव्हा वेताळाकडे येऊ. संस्कृत वेताल, मराठीत वेताळ. फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ यांत जसा दोन स्वरांमधला ल आपल्याकडे ळ झाला तसाच इथेही. संस्कृत कथांमधला वेताल प्रेतात शिरून राहणारा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं रचलेल्या कथासरित्सागरात त्याच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यांचीच मराठी वेताळपंचविशी झाली, आणि पुढे ‘चांदोबा’ मासिकानं झाडाला लोंबकळणारा, राजाच्या खांद्यावरून बोलणारा वेताळ घराघरांत नेला. बहुतेक शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात वेताळ म्हटलं की तेच चित्र येतं. त्यामुळे वेताळाचं देऊळ ऐकलं की तो दचकतो.

गावाकडचा वेताळ मात्र त्या पुस्तकातून आलेला नाही. देशावर तो वेशीबाहेर असतो: एक अनघड, शेंदूर फासलेला दगड आणि भोवती लहान दगडांचं रिंगण. ती त्याची माणसं. अमावास्येच्या रात्री तो दिवट्या-मशाली घेतलेल्या भुतांची स्वारी घेऊन निघतो असं सांगतात. भुतांचा राजा हे त्याचं बिरुद शब्दशः घ्यायचं. राजा आहे म्हणजे प्रजा त्याच्या हुकमात आहे. मोकाट सुटलेल्या भुतांना आवरणारा कोणी हवा, आणि तो भुतांनाही भिववणारा हवा. ग्रामदेवतांच्या व्यवस्थेत वेताळाचं हे काम आहे. कालिकापुराणात वेताळ आणि भैरव हे शंकराचे मुलगे म्हणून येतात, आणि शंकर स्वतः भूतनाथ. ही जोडी आपल्या गावांत आजही शेजारी नांदते.

इथं ‘भूत’ या शब्दावरही दोन वाक्यं लिहायला हवीत. भूत म्हणजे झालेलं, असलेलं, म्हणून जीव. पसायदानातल्या ‘भूतां परस्परें’मध्ये भुतं म्हणजे सगळे प्राणिमात्र. मेलेल्याचा अतृप्त जीव हा अर्थ त्याच शब्दाच्या एका कोपऱ्यात वाढला आणि बोलीत तोच उरला.

वेताळ देवांत मोडतो की भुतांत, याचा सगळ्यात बोलका पुरावा मला तुकारामांच्या अभंगात दिसतो. ‘नव्हे जाखाई जोखाई । मायराणी मेसाबाई’ या अभंगात त्यांनी गावोगावच्या दैवतांची यादीच लावली आहे, आणि त्यात ‘वेताळें फेताळें । जळो त्यांचें तोंड काळें’ असा फटका आहे. एरवी आपण जेवणबिवण, पुस्तकबिस्तक करतो. इथं बुवांनी ‘फेताळ’ असं द्विरुक्तीचं शेपूट लावून वेताळाची किंमत एका अक्षरात उतरवली. पण त्याच अभंगात पंढरीराव हा ‘या देवांचाही देव’ आहे. म्हणजे ज्यांच्यावर टीका चालली आहे त्यांना तुकोबा देवच म्हणतात. यादीत भैरव आहे, खंडेराव आहे, आणि त्यांच्या पंगतीला वेताळ आहे. तुकोबांचा काळ संपून तीस वर्षं होताहेत तोवर खांदेरीचा तट बांधायला घेतला गेला. त्या तटावर घाम गाळणाऱ्या माणसांना वेताळ हा देव आहे हे कोणी समजावून सांगावं लागलं नसणार.

वेतोबा हे वेताळाचंच घरगुती नाव. विठ्ठलाचा विठोबा, भैरवाचा भैरोबा, खंडेरावाचा खंडोबा, तसाच वेताळाचा वेतोबा. नावाचा शेवट गाळायचा आणि ‘बा’ लावायचा. बा म्हणजे बाप. मात्र हा ‘बा’ फक्त प्रेमाचा नाही. ज्याच्यापासून भय आहे त्यालाही आपण तो लावतो: वाघाचा वाघोबा, नागाचा नागोबा, मुंजाचा मुंजोबा. एकदा बाप म्हटलं की त्याच्यावर लेकरं सांभाळायची जबाबदारी येते. मालवणी मुलखातलं गाऱ्हाणं ऐका. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात होते, मग मागणं येतं, आणि भोवतालची माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला साक्ष राहतात. त्यातला ‘बा’ आणि वेतोबातला ‘बा’ एकच. गाऱ्हाण्याला करारासारखं वजन असतं: आम्ही मान देऊ, तू राखण कर.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा या नात्याचं ठळक उदाहरण. तो उभा, पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा. नवसाला त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाभोवती फेरी घालतो, म्हणून त्या चपला झिजतात, असं तिथं मानतात. त्याची जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावात घरकामाला फणसाचं लाकूड वापरत नाहीत. रात्री हिंडणारा, भुतांना ठाऊक असलेला, तरीही गावाचा रखवालदार. खांदेरीच्या वेतोबाचं काम हेच, फक्त त्याच्या पाळतीत गावाऐवजी पाणी आहे. बेटाभोवती खडपं आहेत, आणि उधाणाच्या दिवसांत तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, नजर जरा चुकली तर होडी फुटते. अशा ठिकाणी राखणदार धक्क्यापाशीच असायला हवा.

गोव्यात याच दैवताला बेताळ म्हणतात, व चा ब होऊन. आमोणे, लोलये, पैंगीण या गावांत तो आजही मोठ्या मानाचा देव आहे. सासष्टीतल्या बेताळभाटीत देऊळ पोर्तुगीज अमदानीत गेलं, गाव ख्रिस्ती झालं, पण नावात बेताळ राहिला. पुण्यातही असंच झालं आहे. आजची गुरुवार पेठ एकेकाळी वेताळ पेठ होती. तिथं नाव बदललं, शहरातल्या वेताळ टेकडीचं मात्र टिकलं. खांदेरीला सरकारी नाव कान्होजींचं मिळालं, ते योग्यच झालं. तरी होडीवर ‘खांदेरीला जायचंय’ असंच म्हणतात.

तर लिहायचं कसं? ‘खांदेरी हे वेतोबाचं स्थान आहे’ हे सरळ आणि खरं. ‘जागृत स्थान’ म्हटलं तरी चालेल, कारण नवसाला पावणाऱ्या आणि चुकीला शिक्षा करणाऱ्या देवाला आपण जागृतच म्हणतो. त्यात भीतीही आली. ‘वेताळाचं बेट’ चालेल, पण पुढे देवळाचा उल्लेख हवा, नाहीतर वाचक झाडाला लोंबकळणाऱ्या वेताळाकडे जाईल. ‘झपाटलेलं’ नको. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यांत खांदेरी आहे. आता तिच्यावर माहितीफलक, पुस्तिका, सहलींच्या जाहिराती भराभर निघतील. ज्या लोकांचा हा देव आहे त्यांच्या शब्दांत एवढी सोय असताना, परक्या भयकथेचं विशेषण त्यांच्या देवळावर चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या विठोबाच्या देवळाबद्दल असं कोणी लिहिलं तर आपण ते चालवून घेणार नाही.

जाता जाता आग्यावेताळाबद्दल. तो वेताळाच्याच गोतावळ्यातला, आगीच्या रूपानं दिसणारा. रात्री शिवारात हलता उजेड दिसला की त्याचं नाव निघतं. पण आज हा शब्द बहुतेकदा माणसालाच लावतात: ‘तो म्हणजे नुसता आग्यावेताळ आहे’, म्हणजे क्षणात भडकणारा. अर्थ असा सरकला तरी शब्द जिवंत आहे, याचा मला आनंदच आहे.

आणि ‘बेताल’चा वेताळाशी संबंध नाही. तो बे अधिक ताल. बेजबाबदार, बेशिस्त यांतला फारसी ‘बे’ आणि गाण्यातला ताल. ताल सुटलेला तो बेताल. ‘ताळतंत्र सोडणं’ हाही त्याच तालाचा भाऊबंद. हिंदीत वेताळाला बेताल म्हणतात आणि ‘विक्रम-बेताल’ आपल्या कानांवर पडलेलं असतं, त्यामुळे दोन्ही शब्द एकच वाटतात. मराठीत लिहिताना भूत असो की देव, वेताळच लिहावं, आणि तोंडाला येईल ते बोलणाऱ्याला बेताल म्हणावं.