विहीणबाईंशी कँटोनीज, साहेबाशी मँडरिन

प्रश्न: मी फोंड्याची, वय 58. मुलगा मकावला हॉटेलात नोकरीला आहे, सून तिथलीच. सुनेला इंग्रजी येतं, तिच्या आईला फक्त कँटोनीज. यंदा गणेशचवथीला विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार आहेत. सुनेला मध्ये न घालता त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच इच्छा. ऑनलाइन शिकवणीची चौकशी केली, तर जो तो म्हणतो, आधी मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा करा, मग कँटोनीज सोपी जाईल. खरं का? आणि आमच्या सासूबाईंना पोर्तुगीज येतं, त्याचा काही उपयोग?

उत्तर: ताई, मँडरिनच्या नादी लागू नका. जिच्याशी बोलायचं, तिची भाषा शिकायची. तुमचं मँडरिन विहीणबाईंना कदाचित कळेलही, पण त्या उत्तर देतील ते कँटोनीजमध्ये, आणि तिथे तुमची गाडी अडेल. सरकारी हिशेबात कँटोनीज ही चिनीची ‘बोली’, पण नुसत्या मँडरिनवाल्याला ती ऐकून कळत नाही. बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, हा वाद मी फोंड्याच्या माणसाला काय समजावणार!

पोर्तुगीजचं म्हणाल, तर 1999 च्या डिसेंबरात मकाव पोर्तुगिजांकडून चीनकडे गेलं तरी तिथे चिनीबरोबर पोर्तुगीजही राजभाषा आहे. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात, त्या सासूबाई खुशाल वाचतील. घरात मात्र पोर्तुगीज बोलणारे फार थोडे. गोव्यातून मकाव गाठून चिनी शिकायची वाट तशी जुनी आहे. मातेओ रिची हा जेझुइट पाद्री 1578 मध्ये गोव्यात उतरला, 1582 मध्ये मकावला पोचला आणि तिथे चिनीला भिडला. त्याला शब्दकोशसुद्धा तयार मिळाला नव्हता, तुम्हाला तर घरबसल्या शिक्षक मिळतोय.

आयटॉकी, प्रेप्ली यांसारख्या शिकवणीच्या संकेतस्थळांवर शोधताना ‘चायनीज’ टाकाल तर मँडरिन शिकवणाऱ्यांची रांग लागेल. ‘कँटोनीज’ असंच टाका. हाँगकाँग, मकाव, ग्वांगझोऊचे शिक्षक मिळतात, क्वालालंपूरचेही. तिथल्या चिनी लोकांत कँटोनीज चांगली रुळलेली आहे. माझी स्वतःची शिक्षिका क्वालालंपूरची. बोलता बोलता ती मलाय शब्द पेरते, त्यामुळे तुम्हाला हाँगकाँग किंवा मकावचीच बघा म्हणेन. शिक्षक खुद्द चीनमध्ये बसलेला असेल तर त्याच्याकडे गूगल आणि व्हॉट्सॲप बंद, आणि त्याचं वीचॅट हे चिनी ॲप आपल्याकडे 2020 पासून बंद. मग त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या वर्गखोलीतच भेटायचं. हाँगकाँग-मकावला ही अडचण नाही. घड्याळ मात्र सगळीकडे आपल्यापुढे अडीच तास. रात्रीची जेवणं आटोपून साडेनऊला बसाल तर तिकडे मध्यरात्र. सकाळी साडेसहाला चहा घेऊन बसा, तिकडे नऊ वाजलेले असतात. पैसे डॉलरमध्ये कापले जातात, तेव्हा कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या.

आता शिकायचं काय? पहिल्याच दिवशी शिक्षिकेला सांगा की मला लिपी नको, परीक्षा नको, चवथीला पाहुणी येणार आहे. आणि हे वाक्य मागून घ्या: ‘सिक चो फान मेइ आ?’ म्हणजे जेवलात का? आपण दारात आलेल्याला ‘जेवलें?’ विचारतो तसंच तिकडेही विचारतात. या एका वाक्यावर आठवडाभर बसलात तरी चालेल, कारण निम्मी कँटोनीज त्यात आहे. कँटोनीजमध्ये सूर सहा, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. ‘सिक’, ‘फान’ आणि ‘मेइ’ तिन्ही एकाच खालच्या, सपाट सुरात. ‘चो’ खालून वर चढतो. शेवटचा ‘आ’ मधल्या पट्टीत. प्रश्न विचारताना आपला आवाज सवयीने शेवटी वर जातो, तो तेवढा आवरायचा. आणि ‘सिक’मधला क तोंडातच अडवायचा, बाहेर सोडायचा नाही. ‘सिक्क’ म्हणालात की शिक्षिका हसेल, हसू दे.

वहीत हे सगळं देवनागरीत लिहा, डोक्यावर सुराचा आकडा घाला. शिक्षिका रोमन लिपीतलं ज्युतपिंग पाठवेल, त्यात ‘जे’ दिसला की य वाचा आणि ‘झेड’ दिसला की चमच्यातला च. ‘बी, डी, जी’ म्हणजे प, त, क आणि ‘पी, टी, के’ म्हणजे फ, थ, ख. हा फ फळातला, ओठ मिटून म्हणायचा; फॅनमधला नव्हे, तो वरच्या ‘फान’मधला. इंग्रजांना हा फरक शिकवताना शिक्षकांचा घाम निघतो, आपण तो बाराखडीबरोबरच गिरवलेला असतो. बाराखडीत उगाच बसलेला ङ सुद्धा इथे कामाला येतो: ‘मी’ला कँटोनीजमध्ये ‘ङो’ म्हणतात. आजकाल बरेच जण ङ गाळून नुसतं ‘ओ’ म्हणतात, तसंच ‘तुम्ही’साठीचा ‘नेइ’ सर्रास ‘लेइ’ होतो. विहीणबाई कसं म्हणतात ते सुनेकडून त्यांच्याच आवाजात मागवून शिक्षिकेला ऐकवा.

नाती लवकर जमतील. तिकडे बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, आईचा भाऊ आणखी वेगळा. मामाला ‘अंकल’ म्हणण्याची वेळ येणार नाही. आणि तासाला पुस्तक उघडून बसू नका. फोन घेऊन स्वयंपाकघरात जा. नारळ, हळदीचं पान, चुलीवरचं हुमण दाखवा, नावं विचारा. गणपतीच्या डोक्यावर माटोळीला बांधायच्या फळांची नावं आधीच करून ठेवा, कारण विहीणबाई घरात आल्या आल्या मान वर करून तेच विचारणार.

प्रश्न: मी वास्कोत शिपिंग एजंटकडे कामाला आहे. एचएसके ही मँडरिनची परीक्षा द्यायची आहे. मिळालेली शिक्षिका तैवानची आहे. उच्चार बिघडतील का?

उत्तर: बिघडणार नाहीत. खनिज निर्यातीच्या दिवसांत मीही वास्कोच्याच एका कचेरीत चिनी गिऱ्हाइकांशी बोलत मँडरिन शिकले. त्यांच्यातही उत्तरेचा माणूस शब्दाच्या शेपटीला ‘र’ लावायचा आणि दक्षिणेचा ‘श’चा ‘स’ करायचा. तैवानमध्येही हा ‘श-स’चा घोळ पुष्कळांच्या तोंडी आहे. तुमचा कान मराठी आहे, तो फरक पकडेल. अडचण लिपीची येईल. तैवानची लिपी जुनी, पारंपरिक. एचएसके चीनची, सोप्या केलेल्या लिपीतली. उच्चारांसाठी तैवानमध्ये शाळेत बोपोमोफो शिकवतात, तुम्हाला लागणार रोमन अक्षरांतलं पिनयिन. तिला सोपी लिपी आणि पिनयिन जमत असेल तर तीच ठेवा. आणखी एक बघा. 2021 च्या नव्या आराखड्यात एचएसकेच्या पायऱ्या सहाच्या नऊ झाल्या आहेत. साहेबाला कुठलं प्रमाणपत्र हवंय ते आधी विचारून घ्या, मगच पुस्तकं मागवा.

प्रश्न: मँडरिन आणि कँटोनीज एकदमच सुरू केलं तर? (बारावीतला वाचक, पेडणे)

उत्तर: नको. बारावी होऊ दे.