वाचक विचारतात : रिकाम्या खिशाचा भयपट

प्रश्न : आम्ही कोथरूडचे चौघे मित्र. एक फोन, एक ट्रायपॉड आणि वर्गणी काढून जमवलेले दहा हजार रुपये आहेत. वीस मिनिटांचा भयपट करायचाय. घरचे म्हणतात, पैसे नसताना साधी घरगुती गोष्ट करा, भुताखेतांना खर्च फार. हे खरं का?

उत्तर : आम्हाला तसं वाटत नाही. घरगुती गोष्टीला कसलेले नट लागतात, भरलेलं घर लागतं, पाहुणेरावळे लागतात. भयपटात माणूस घाबरतो ते न दिसणाऱ्या गोष्टीला, आणि न दाखवायला पैसे पडत नाहीत. बिनपैशाच्या भयपटाची ओढ जगभरच्या नवख्यांना लागते ती यामुळेच. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (1999) चेटकीण एकदाही पडद्यावर येत नाही, आणि बरंचसं चित्रण कलाकारांनीच हातातल्या कॅमेऱ्यांवर केलेलं आहे. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ 2006 साली स्वतःच्याच घरात, सुमारे 15,000 डॉलरमध्ये चित्रित केला. त्यातला बेडरूमचा शॉट पुन्हा पाहा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, एका बाजूला झोपलेलं जोडपं, दुसऱ्या बाजूला उघडं दार आणि पलीकडे काळोख. काहीच घडत नसताना प्रेक्षक ती चौकट कोपरा न् कोपरा धुंडाळत बसतो. तुम्हीही चौकटीचा एक तृतीयांश हिस्सा रिकामा सोडा आणि शॉट संपला असं वाटल्यावर आणखी दहा सेकंद कॅमेरा चालू ठेवा. (मात्र तो 15,000चा आकडा फक्त चित्रीकरणाचा धरा. स्टुडिओने सिनेमा घेतल्यावर शेवट बदलला आणि वर आणखी पैसा ओतला.)

कॅमेरा पात्राच्याच हातात द्यायचा असेल, तर जीव वाचवून पळणारा माणूस अजून शूटिंग का करतोय, याचं उत्तर पटकथेतच हवं. फोनचा टॉर्च हाच एकमेव उजेड आहे, एवढं कारणही पुरतं. ते नसेल तर प्रेक्षक भीतीतून बाहेर येऊन तर्क लढवायला लागतो, आणि मग पुन्हा आत येत नाही.

वीस मिनिटांचा हट्ट मात्र सोडा. आठ मिनिटं, दोन पात्रं, एक घर, एक रात्र. चौघांच्या हातून एका रात्रीत बारा-पंधरा शॉट नीट होतात; त्याहून जास्त ठरवले की पहाटेचे सगळे घाईत उरकले जातात, आणि बहुतेकदा शेवटचा महत्त्वाचा प्रसंग त्यातच असतो.

प्रश्न : रात्री फोनवर शूट केलं की चित्रात दाणे येतात, शिवाय दिव्याखाली आडवे पट्टे सरकताना दिसतात. काय चुकतंय?

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी आहेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर त्या ठोक्याशी जुळलं नाही की पट्टे येतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) 1/50 सेकंद ठेवा. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप आपल्या फोनवर चालतं का ते पाहा. काही स्वस्त एलईडी आणि डिमरवर मंद केलेले दिवे तरीही लुकलुकतात, तेव्हा प्रत्येक दिव्याची दहा सेकंदांची चाचणी आधीच घ्या.

दाणे येतात कारण खोलीत उजेडच नसतो आणि फोन आपणहून आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, चढवत नेतो. अंधार दाखवायचा म्हणजे दिवे बंद करायचे नाहीत. एक जोरदार दिवा लावायचा आणि तो जिथे पोचत नाही तिथे काळोख राहू द्यायचा. आयएसओ 400च्या आसपास लॉक करा. तपकीर गल्लीतून (पुण्याचा विजेच्या सामानाचा बाजार) एक होल्डर, पाच मीटर वायर आणि 12 वॉटचा बल्ब आणा. तो कॅमेऱ्याच्या बाजूला कधीच नको. दाराआड किंवा पात्राच्या मागे, तिरका ठेवा.

तरी खोली सपाट दिसली तर दोष भिंतींचा. फ्लॅटच्या पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात आणि सावल्या भरून निघतात. कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर तीन मीटर काळं कापड टांगा, चेहऱ्याची एक बाजू लगेच काळी पडेल. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत काळपट लाकूड आणि अंधारे जिने हे काम फुकट करतात, म्हणून ओळखीत कोणाचा वाडा असेल तर आधी तिथे विचारा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आणि फोकसही लॉक करायला विसरू नका, नाहीतर पात्र हललं की रंग उडी मारतो आणि फोकस पुढेमागे शोधत राहतो.

बाहेरचे प्रसंग मध्यरात्री घेऊ नयेत. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाश अजून निळं असतं, तेव्हा एक स्टॉप कमी एक्स्पोजरवर, म्हणजे निम्म्या उजेडावर, घ्या. रात्र म्हणून छान खपतं.

प्रश्न : दहा हजारांतले सर्वात जास्त पैसे कशावर घालावेत?

उत्तर : आवाजावर. दाणेदार चित्र भयपटात चालून जातं, संवाद ऐकू आला नाही तर प्रेक्षक उठतो. कॉलरला लावायचा वायरचा माइक आणि त्याला जोडलेला दुसरा फोन पुरतो. माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झवर, अ‍ॅपच्या मीटरवर सर्वात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास. किंकाळी असेल तर वेगळा टेक, पातळी आणखी खाली. फाटलेली किंकाळी नंतर दुरुस्त होत नाही.

पंखा आणि फ्रीज बंद करा. गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे जाताना तो सुरू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन संवादांमधली फट तिनेच भरायची असते. तिथे पूर्ण निःशब्द तुकडा टाकला की ऐकणाऱ्याला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं.

बाकीचे आवाज स्वयंपाकघरात मिळतात. ओल्या पंचात गुंडाळून मुळा मोडला की हाड मोडतं. भिजवलेला टॉवेल पिळला, की मांस.

प्रश्न : घरी केलेलं रक्त गुलाबी का दिसतं?

उत्तर : खाण्याचा लाल रंग पारदर्शक असतो, पातळ थर त्वचेवर पसरला की खालचा वर्ण दिसतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. 250 ग्रॅमला 50 मिली कोमट पाणी, अर्धा चमचा द्रवरूप लाल रंग, एक चमचा कोको आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको आधी कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या कॅमेऱ्यात दिसतात. निळा दोन-तीन थेंब गेला तर जांभळं होतं. डाग धुऊन जाईलच असं नाही, म्हणून एकसारखे दोन शर्ट ठेवा आणि फरशीवर प्लॅस्टिक पसरा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. साखरेमुळे मुंग्या लागतात, तेव्हा शॉट झाला की लगेच पुसून घ्या.

कृष्णधवल करणार असाल तर एवढाही खटाटोप नको: जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (1968) चॉकलेट सिरपच रक्त म्हणून वापरलं होतं.

प्रश्न : शनिवारवाड्यात रात्री गुपचूप शूट केलं तर? आणि गोष्ट भयकथाकार नारायण धारपांची घेतली तर?

उत्तर : पहिलं करू नका. वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, चित्रीकरणाला त्यांची लेखी परवानगी लागते. ‘काका, मला वाचवा’ची हाक तुमच्या गोष्टीला हवीच असेल, तर ती कसब्यातल्या एखाद्या खाजगी वाड्याच्या चौकातही तितकीच घुमेल. तिथेही मालकाची चिठ्ठी घ्या, आणि रस्त्यावर रक्ताळलेला शर्ट किंवा नकली सुरा दिसणार असेल तर आदल्या दिवशी पोलीस चौकीत आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

धारप 2008 साली गेले. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे 2068 अखेरपर्यंत. यूट्यूबवर फुकट दाखवलात तरी परवानगी लागतेच. प्रकाशकामार्फत हक्कदारांना पत्र लिहा. कोणती कथा, किती मिनिटं, कुठे दाखवणार आणि मोबदला किती, एवढं एका पानावर लिहून सही घ्या. ती हातात येईपर्यंत पटकथेला हात लावू नका.