'विनोना' दुसऱ्या मुलीला ठेवण्याआधी

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि नऊ वर्षांपूर्वीचं आमचंच घर आठवलं. मिनेसोटात राहता, दुसरी मुलगी होणार आहे, आणि कुठल्याशा साइटवर 'विनोना म्हणजे चंद्रकन्या' वाचून नाव जवळपास पक्कं केलंय. थोडं थांबा. मीही नेमकं हेच केलं होतं.

सू हे अमेरिकेतले मूळ रहिवासी लोक, त्यांच्यापैकी पूर्वेकडचे ते डकोटा, आणि विनोना हे त्यांच्या भाषेतलं नाव. अर्थ 'थोरली लेक'. चंद्राचा काही संबंध नाही. त्यांच्यात जन्मक्रमावरून नावं ठरलेली असतात: थोरली विनोना, थोरला मुलगा चास्का. तुमच्या मिनिआपोलिसजवळचं चास्का गाव, तेच हे नाव.

धाकटी तीन वर्षांची असताना लायब्ररीत एक डकोटा आजी भेटल्या. नाव ऐकून चेहरा खुलला. "म्हणजे ही थोरली!" शेजारी माझी सहा वर्षांची बुटाची नाडी बांधत बसली होती. मान वर करून म्हणाली, "थोरली मी आहे." आजी काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवला. घरी येईपर्यंत मला रडू आवरेना. एकीचा मान दुसरीला देऊन बसले होते.

नाव बदललं. कोर्टाचं काम सरळ झालं, पण जन्मदाखला दुरुस्त करणाऱ्या ऑफिसने तीनदा कागद परत पाठवले. एकदा प्रत प्रमाणित नाही म्हणून, एकदा सही जुनी म्हणून, तिसऱ्यांदा कारणच नाही. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा. सात महिने गेले, त्यात पासपोर्ट अडकला आणि सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला आम्ही पोचलो नाही. हे मी अजून विसरलेले नाही. कधी वेळ आलीच तर कोर्टाच्या हुकुमाच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच घेऊन ठेवा.

मी भाषातज्ज्ञ नाही, डकोटा तर नाहीच. कायद्याचं वकिलालाच विचारा. पण माझं मत स्पष्ट आहे: बाळांच्या नावांच्या साइटवर विश्वास ठेवू नका. मिनेसोटा विद्यापीठात डकोटा भाषा शिकवतात, तिथे विचारा. क्रमाखेरीज माणसाच्या आयुष्यातून आलेली नावंही त्यांच्यात असतात. 1858 साली जन्मलेले डकोटा डॉक्टर आणि लेखक चार्ल्स ईस्टमन लहानपणी 'हाकादा', म्हणजे 'बिचारा शेवटचा' होते. पुढे 'ओहियेसा', म्हणजे 'विजयी' झाले. पण अशी नावं आपली माणसं देतात, यादीतून उचलायची नसतात.

आणि थोरलीसाठी कुणी हे नाव घेणार असेल, तर आजींचा उच्चार 'विनूना'च्या जवळचा होता.