मावळ्याचा वेश करताय? आधी साल ठरवा

ऐतिहासिक वेश करायचा ठरवलास, छान; पण चिलखताची ऑर्डर इतक्यात देऊ नकोस. आधी साल आणि माणूस ठरव: १६७० चा मावळा की १७६० चा पेशवाई स्वार? नव्यांची मोठी चूक इथेच होते, शिवकाळातल्या वेशावर पेशवाई पगडी चढते. मालिकांतले पोशाख तर प्रमाण मानूच नकोस.

- सतराव्या शतकातली दख्खनी चित्रं बघ. जाम्याची (लांब, घेरदार अंगरख्याची) लांबी, बांधायचे बंद कुठल्या बाजूला, शेला कसा बांधलाय, हे वहीत काढून घे.
- पुण्यातल्या केळकर संग्रहालयात शस्त्रं निवांत बघ.

पहिला वेश साध्या पाइकाचाच (पायदळातल्या शिपायाचाच) कर: मुंडासं, चोळणा (तुमानीसारखी विजार), शेला. चिलखत महाग, ते सगळ्यांकडे नसायचंच. पुण्यात लक्ष्मी रोडवर हातमागाचं सुती कापड शोध, पॉलिस्टर उन्हात लगेच चमकतं. कापड मिळालं की फोटो पाठव, बेतायला मी मदत करतो.