आधी वाटप ठरव, मग जेसीबी बोलव

पोरी,

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज सकाळी वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. ग्रामसभेत भांडणं झाली, सरपंच म्हणतात आधी नाला खोल करून घेऊ, पाणी कोणी किती घ्यायचं ते मग बघू, नाहीतर मार्चएंडला निधी परत जाईल. आणि तू विचारतेस, काका, आत्तापुरतं ऐकू का त्यांचं?

नको ऐकूस. जाऊ दे निधी परत.

अगं 1942 सालीच आपल्याकडे जमीन सुधारणा योजनांचा कायदा झालाय, बांध घालायला आपण काही काल शिकलो नाही. समतल चर, माती नालाबांध, पाझर तलाव, सगळं येतं आपल्याला. घोडं अडतं ते वाटपावर. पुरंदरमधल्या नायगावला जाऊन ये म्हणून किती वेळा सांगितलं तुला? 72 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे, पुण्यातले इंजिनियर, स्वतःचा कारखाना असलेला माणूस, तिकडे गेले, दुष्काळी कामावर लोकांना खडी फोडताना बघितलं आणि मग देवस्थानची 40 एकर जमीन कराराने घेऊन तिथे बांधबंदिस्ती, पाझर तलाव, खाली विहीर असं सगळं करून दाखवलं. पण ते सोड, त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम बघ. पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही, माणसांच्या हिशोबाने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यामागे जात नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि खर्चातला 20 टक्के हिस्सा लोकांनी स्वतः घालायचा. हे आधी कबूल करायचं, मग योजना. आधी! कळतंय का?

मला हे फार उशिरा कळलं. 96 साली एका गावात मी स्वतः उभं राहून नालाबांध करून घेतला, पहिल्याच पावसात तुडुंब भरला, पेढे वाटले. दोन वर्षांत बांधाखालच्या तीन विहिरींवर मोटारी बसल्या, उसाची लागण झाली, आणि ज्या बायकांनी त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या त्या एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत. त्यातली एक म्हणाली, साहेब, आमचं पाणी कुठाय? मी म्हटलं, ते आमच्या खात्याकडे येत नाही. खोटं नव्हतं ते. माझ्या एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, मातीचे घनमीटर लिहायचे, वाटपाचा रकानाच नव्हता, वरून टार्गेट. पण काम सुरू व्हायला माझी सही लागत होती, तेव्हा बोललो असतो तर गावाने ऐकलं असतं. बांध झाल्यावर साहेबाला कोण विचारतं?

तुझ्या संस्थेच्या पत्राशिवाय जेसीबी येत नाही ना? मग ते पत्र देऊ नकोस. वाटपाचा ठराव लेखी, सह्या-अंगठ्यांसकट, मग पत्र. हट्टी म्हणतील, म्हणू देत. नोकरीची शेवटची दहा वर्षं मी ठराव बघितल्याशिवाय जागेवर गेलो नाही, त्यापायी बरंच ऐकून घेतलं, पण त्या गावांमध्ये आजही मी ताठ मानेने जातो. चुकलो असं मला कोणी अजून पटवून दिलेलं नाही.

रडू नकोस सभेत बोलताना, मागच्या वेळी रडलीस असं कळलं. आणि रडलीस तरी चालेल, पण मुद्दा सोडू नकोस.

शनिवारी परत सभा आहे ना? त्याआधी ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशा घरांची यादी कर, घरात माणसं किती तेही लिही आणि मला पाठव. मी सकाळच्या एसटीने येतो.

काका